कायम निधी कायम कसा राहील?

(जालना येथे सेवाभावी संस्थांचे विश्वस्त व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घाणेवाडीचा तलाव जालनेकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. निजामी राजवटीत बांधलेल्या या तलावाचे पाणी नैसर्गिक उताराने शहरात येते, हे त्याचे वैशिष्ट्य. अनेक दशके लोक त्याच्या भरवशावर राहिले. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की तलाव भरला, आता वर्षाची चिंता मिटली, असे म्हणण्याची पद्धत होती. भिंतीची उंची तीच होती, पाण्याची रेषाही तीच होती. कमी होत होती ती तलावाची खोली. दरवर्षी ओढ्या-नाल्यांतून येणारा गाळ तळाशी बसत होता आणि काठावर उभे राहून पाहणाऱ्याला तो दिसत नव्हता. पुढे नागरिकांनी एकत्र येऊन, पदरमोड करून तो गाळ उपसण्याचे काम हाती घेतले आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन पसरला. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर जगत असताना या कामाचे मोल सर्वांना उमगले.

आपल्या संस्थांच्या ताळेबंदात 'कायम निधी' या नावाची एक ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा म्हणजे तलावाची भिंत. तो आकडा घटत नाही. नवी देणगी आली की उलट वाढतो. वार्षिक सभेत तो वाचला जातो, टाळ्या पडतात आणि सर्वजण निश्चिंत मनाने घरी जातात. त्या आकड्याच्या तळाशी किती गाळ साचला आहे, याची मोजणी मात्र सहसा कोणी करीत नाही. हा गाळ म्हणजे महागाई.

एक साधे उदाहरण घेऊ. १९९५ मध्ये एका सद्गृहस्थाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ एका विद्यार्थी वसतिगृहाला एक लाख रुपये दिले, असे समजा. त्या काळी बँका दीर्घ मुदतीच्या ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत. म्हणजे वर्षाला बारा हजार. वसतिगृहात एका विद्यार्थ्याच्या भोजनाला महिना पाचशे रुपये लागत असतील, तर त्या व्याजात दोन विद्यार्थी वर्षभर जेवत. संस्थेने कृतज्ञतापूर्वक भोजनगृहात संगमरवरी पाटी लावली: 'या निधीच्या व्याजातून दोन विद्यार्थ्यांच्या भोजनाची कायमस्वरूपी व्यवस्था.' आज तीच ठेव आहे, तीच पाटी आहे. व्याजाचा दर सात टक्के धरला तर वर्षाला सात हजार येतात. भोजनाला महिना तीन हजार लागत असतील, तर त्या सात हजारांत एका विद्यार्थ्याचे जेमतेम सव्वादोन महिने निघतात. दोन विद्यार्थ्यांचे चोवीस महिने कुठे आणि एकाचे सव्वादोन महिने कुठे!

येथे कोणी पैसा खाल्लेला नाही. अफरातफर नाही, लेखापरीक्षकाचा शेरा नाही, धर्मादाय कार्यालयाची नोटीस नाही. पै-पैचा हिशेब चोख आहे आणि तरीही दात्याला दिलेले वचन मोडले आहे. ज्याने देणगी दिली तो हयात नसेल. ज्याच्यासाठी दिली तो विद्यार्थी कदाचित अजून जन्मलाही नसेल. दोघांच्याही वतीने बोलणारे कोणी नसते. त्यांच्या वतीने उभे राहायचे ते विश्वस्ताने. 'विश्वस्त' या शब्दातच ते उत्तरदायित्व आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या छोट्या संस्थांपुरता आहे, असेही नव्हे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या दानधर्माचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी उभारलेली वा जीर्णोद्धार केलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा, कुंड यांची नावे आपण अभिमानाने घेतो. जवळच वेरूळला घृष्णेश्वराचे मंदिर त्यांच्या पुण्याईची साक्ष देत उभे आहे. परंतु वास्तू उभारणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिच्या नित्य खर्चाची सोय लावणे महत्त्वाचे, ही दृष्टी त्यांच्या कारभारात होती, याकडे आपले लक्ष कमी जाते. होळकरांची 'खासगी' ही राज्याच्या दौलतीपासून वेगळी जहागीर. १७३४ मध्ये पेशव्यांनी ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिली आणि पुढे ती अहिल्यादेवींकडे आली. त्यांच्या धर्मकार्याचा आधार या खासगीचे उत्पन्न हा होता. म्हणजे मुळात जमिनीचे उत्पन्न. धान्याचा भाव वाढला की जमिनीचे उत्पन्न वाढते आणि पुजाऱ्याचे, माळ्याचे, अन्नछत्राचे खर्चही त्याच प्रमाणात भागतात. गाळ आला तरी झरा जिवंत राहील, अशी ती रचना होती.

१९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले. त्या वेळच्या व्यवस्थेनुसार खासगीच्या मालमत्ता आणि त्यांचे उत्पन्न शासनाकडे गेले आणि त्या बदल्यात शासनाने या धर्मादाय कार्यांसाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमस्वरूपी द्यावेत, असे ठरले. त्या काळी ही रक्कम मोठीच होती. ती खासगीच्या तेव्हाच्या वार्षिक उत्पन्नावरून काढलेली होती. म्हणजे हिशेबही चुकीचा नव्हता. चूक होती ती एकाच गोष्टीत: रुपयांचा आकडा कायम केला गेला. आज त्या रकमेत एका घाटाची नीट डागडुजीही होणार नाही. १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला. पुढे १९७२ च्या पुरवणी विश्वस्तपत्राने विश्वस्तांना मालमत्ता हस्तांतरित करण्याचे अधिकार मिळाले आणि कालांतराने हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीचा विषय न्यायालयात गेला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये निर्णय दिला. त्यावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये, हा सार्वजनिक न्यास असून त्याने राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी केली पाहिजे आणि मालमत्तांच्या हस्तांतरणांची निबंधकांनी चौकशी केली पाहिजे, असे ठरविले. या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. जे दान शतकानुशतके टिकावे म्हणून जमिनीवर बसविले होते, ते एका स्थिर रोख रकमेवर आणून ठेवले की अर्धशतकात त्याची काय अवस्था होते, एवढे यातून दिसले तरी पुरे. मराठवाड्यातील जुन्या देवस्थानांची, मठांची दप्तरे ज्यांनी चाळली असतील, त्यांना अशी आटून गेलेली रोख वर्षासने परकी वाटणार नाहीत.

आता परदेशातील एक उदाहरण. ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची ही बाजू फारशी ठाऊक नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात आपल्या संपत्तीचा निधी करून तो 'सुरक्षित रोख्यांत' गुंतवावा आणि व्याजातून पारितोषिके द्यावीत, असे लिहून ठेवले. विश्वस्तांनी या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे लावला: सरकारी रोखे, तारणावरील कर्जे, यांपलीकडे काही नाही. १९०१ मध्ये पहिले पारितोषिक सुमारे दीड लाख स्वीडिश क्रोनरचे होते. १९२३ मध्ये ते १ लाख १५ हजारांच्या खाली आले. मध्यंतरी महायुद्ध झाले, महागाई झाली, करांचा भार पडला. निधी अगदी 'सुरक्षित' होता आणि पारितोषिकाचे मोल मात्र ओसरत होते. शेवटी १९४६ मध्ये करमाफी मिळाली आणि १९५३ मध्ये शासनाने समभाग व स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करण्याची मोकळीक दिली. तेथून पुढे सुमारे चार दशकांनी, १९९१ मध्ये, पारितोषिकाला १९०१ चे खरे मोल पुन्हा प्राप्त झाले. गाळ काढायला किती काळ लागतो पाहा! आणखी एक गोष्ट मनावर ठसवून घेण्यासारखी आहे. २०१२ मध्ये या संस्थेने पारितोषिकाची रक्कम १ कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणली. निधीला पेलत नाही एवढा खर्च करणार नाही, असे जगासमोर सांगण्यात तिला कमीपणा वाटला नाही. पुढे निधी सावरल्यावर ती रक्कम टप्प्याटप्प्याने वाढविली आणि २०२३ मध्ये १ कोटी १० लाखांपर्यंत नेली.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, चला, मुदत ठेवी मोडून सारा पैसा शेअर बाजारात लावू. तसे नाही. आपल्याकडे कायद्याचे कुंपण आहे आणि ते विचारपूर्वक घातलेले आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ३५ नुसार, तातडीने खर्च करावयाचा नसलेला पैसा अनुसूचित बँक, डाकघर बचत बँक, शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांत ठेवावयाचा आहे. या चौकटीबाहेर जायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. दुसरीकडे आयकर कायद्याची स्वतंत्र यादी आहे. ती थोडी अधिक लांब आहे. तिच्यात म्युच्युअल फंडांनाही स्थान आहे. परंतु खासगी कंपन्यांचे समभाग थेट विकत घेण्यास तेथेही मुभा नाही. अनेक संस्थांची गफलत होते ती येथे. सनदी लेखापालाने 'आयकरात चालते' म्हटले की त्या निश्चिंत होतात. चालले पाहिजे ते दोन्ही कायद्यांत. आयकर वाचला आणि धर्मादाय कार्यालयात अडकलो, अशी स्थिती होता कामा नये.

आयकराची आणखी एक अट आहे, तिचा परिणाम बारकाईने समजून घेतला पाहिजे. वर्षभराच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम धर्मादाय कार्यावर खर्च झाली पाहिजे. १५ टक्के बिनशर्त मागे ठेवता येते. १९६१ च्या कायद्याने घातलेली ही अट २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही पुढे चालविली आहे. तिचा हेतू उत्तम आहे. न्यासांनी पैसा नुसता साठवत बसू नये, हा. पण हिशेब करा. एक कोटीचा निधी, सात टक्के व्याज, म्हणजे सात लाख. त्यातील ५ लाख ९५ हजार खर्च केले पाहिजेत. उरले १ लाख ५ हजार, म्हणजे मूळ निधीच्या एक टक्क्याहून किंचित अधिक. महागाई पाच टक्के असेल, तर निधी दरवर्षी जवळजवळ चार टक्क्यांनी झिजतो आणि सुमारे १८ वर्षांत त्याचे मोल निम्मे होते. हे सारे नियमानुसार वागणाऱ्या संस्थेचे झाले. ज्या संस्था ते १५ टक्केही मागे ठेवत नाहीत, 'कार्य वाढले आहे' म्हणून सगळे व्याज खर्चून टाकतात, त्यांच्या निधीचे मोल याहून लवकर अर्ध्यावर येते.

जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि १९९८ च्या जागतिक अन्न पुरस्काराने या गावाचे नाव जगात गेले. तेव्हा बियाणे आणि धान्य यांतला फरक जालनेकरांना कोणी समजावून सांगावा, अशी स्थिती नाही. पूर्वी शेतकरी घरात कितीही ओढाताण असली तरी पेरणीचे दाणे वेगळ्या कणगीत ठेवी आणि त्याला हात लावणे हे संकट दाराशी आल्याचे लक्षण मानले जाई. ते १५ टक्के म्हणजे आपली ती कणगी होय. कार्याची निकड कितीही असो, पहिल्या महिन्यातच ती रक्कम बाजूला पडली पाहिजे. वर्षाअखेरीस उरले तर पाहू, असे म्हणणाऱ्याकडे काहीही उरत नसते.

परंतु तेवढ्याने भागत नाही, हे वरच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. उरलेली झीज दोन मार्गांनी भरून काढावी लागते. एक म्हणजे दरवर्षी कायम निधीत नवी भर. कोटीच्या निधीला साधारण चार लाखांची. ही भर लेखी निर्देशासह 'कायम निधीसाठी' म्हणूनच आली पाहिजे, तिची नोंद वेगळी राहिली पाहिजे आणि ती गुंतवलीही वेगळी पाहिजे. आपल्याकडे देणगी मागताना इमारत मागितली जाते, रुग्णवाहिका मागितली जाते. निधी कमी मागितला जातो, कारण निधीचे छायाचित्र काढता येत नाही. ही सवय मोडावी लागेल. ज्या दात्याने १९९५ मध्ये पाटी लावली त्याच्या मुला-नातवंडांकडे जाऊन, आजीच्या नावाची पाटी आता दोन विद्यार्थ्यांचे पोट भरू शकत नाही, ती पुन्हा भरती करा, असे सांगण्यात संकोच कसला? त्यांना ते ठाऊकच नसते. सांगितले तर बहुतेक घरे नाही म्हणणार नाहीत.

दुसरा मार्ग गुंतवणुकीचा. येथे पैशाला वेळेप्रमाणे वेगळे करणे, ही पहिली शिस्त. या वर्षात वसतिगृहाच्या किराण्याला, औषधांना, शिक्षकांच्या मानधनाला लागणारा पैसा बँकेतच हवा. त्यात प्रयोग नको. येत्या चार-पाच वर्षांत लागणारा, उदाहरणार्थ ठरलेल्या बांधकामाचा, तोही ठेवींतच. पण ज्याला कधीच हात लावायचा नाही असा जो निधी आहे, तो एक-एक वर्षाच्या ठेवीत ठेवून दरवर्षी व्याजदराच्या दयेवर का सोडायचा? १९९० च्या दशकाच्या मध्यास बारा-तेरा टक्के मिळत होते. २००३-०४ मध्ये ते साडेपाच-सहावर आले. पुढे पुन्हा वाढले आणि २०२०-२१ मध्ये पुन्हा पाच-साडेपाचवर उतरले. ज्यांच्या सगळ्या पावत्या नेमक्या खालच्या दराच्या वेळी नूतनीकरणाला आल्या, त्यांचे उत्पन्न एका वर्षात घसरले आणि खर्च मात्र होता तिथेच राहिला. उपाय अवघड नाही. निधीचे भाग पाडून पावत्यांच्या मुदती जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लावाव्यात, म्हणजे दरवर्षी एकच भाग नूतनीकरणाला येतो. काही भाग दीर्घ मुदतीच्या केंद्र सरकारच्या रोख्यांत ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या लिलावात न्यासांनाही बँकेमार्फत किंवा प्राथमिक व्यापाऱ्यामार्फत स्पर्धाविरहित बोलीने हे रोखे घेता येतात, याची कल्पना जिल्ह्याच्या पातळीवर फार थोड्यांना असते.

समभागांशी निगडित म्युच्युअल फंडात, आवश्यक ती परवानगी घेऊन, निधीचा एक मर्यादित भाग ठेवण्याचा विचार मोठ्या संस्थांनी करावा. त्यातील वाढ विक्री होईपर्यंत उत्पन्न ठरत नाही. आणि विक्रीचा नफा पुन्हा मान्य भांडवली मालमत्तेत गुंतविल्यास तो धर्मादाय कार्यावर लागला असे मानण्याची सोय कायद्यात आहे. पण मन घट्ट हवे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी नऊ हजारांच्या खाली उतरला होता. मार्च २०२० मध्ये दोन महिन्यांत तो ४२ हजारांवरून २६ हजारांच्या आत आला. अशा वेळी तातडीची सभा बोलावून, घाबरून विक्रीचा ठराव करणाऱ्या मंडळाने या वाटेला जाऊच नये. दहा वर्षे वाट पाहण्याची तयारी ठरावात लिहून मगच पाऊल टाकावे. ज्यांची ती तयारी नाही, त्यांनी ठेवी आणि रोखे यांतच राहावे आणि निधीसंकलनावर दुप्पट भर द्यावा; त्यात काही गैर नाही.

महागाई निधी हळूहळू खाते. पण काही वेळा तलावाची भिंतच फुटते. त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

२००२ मध्ये नागपूर, वर्धा आणि तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव येथील जिल्हा मध्यवर्ती बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी दलाल कंपन्यांना पैसे दिले आणि रोखे मिळालेच नाहीत. 'होम ट्रेड' प्रकरण म्हणून ते सर्वांच्या स्मरणात आहे. सरकारी रोख्याइतकी सुरक्षित गोष्ट नाही. पण तो आपल्या नावे, आपल्या खात्यात जमा झाला आहे की नाही, हे कोणी पाहिले नाही. सुरक्षित वस्तू असुरक्षित हातातून घेतली, एवढीच चूक. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपयेच काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे विलीनीकरण झाले. त्यात संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या ठेवींचा ८० टक्के भाग वार्षिक एक टक्का लाभांशाच्या अग्रहक्क भागांत आणि उरलेला समभागांच्या हक्कपत्रांत रूपांतरित झाला. एका रात्रीत ठेवीदाराचा भागधारक झाला! आणि ठेवविम्याचे कवच? १९९३ पासून ते एका ठेवीदारास एका बँकेत एक लाख होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाले. पन्नास लाखांच्या पावत्या एकाच बँकेत असलेली संस्था ही विम्याच्या दृष्टीने एकच ठेवीदार.

पतसंस्थांचे तर आणखी वेगळे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यातील ठेवीला हे विमाकवच नाही आणि न्यासाचा पैसा ठेवण्याच्या कायदेशीर यादीत तिला स्थान नाही. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात २०२३ नंतर काही पतसंस्था आणि बहुराज्य संस्थांचे दरवाजे बंद झाले. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे अडकलेल्या माणसांच्या रांगा आपण पाहिल्या. त्यांत धर्मादाय पैसा किती होता, याची चर्चा कोणी उघडपणे करीत नाही.

तो तेथे जातो कसा? लोभाने क्वचितच. बहुतेक वेळा भिडेने जातो. जिल्ह्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. पतसंस्थेचे संचालक कधीतरी आपल्या उत्सवाला सढळ हाताने देणगी देऊन गेलेले असतात. ते एखाद्या संध्याकाळी घरी येतात, चहा होतो आणि मार्चअखेर आहे, तुमच्या संस्थेच्या दहा लाखांची पावती आमच्याकडे करा, दीड टक्का जादा देतो, असा विषय निघतो. नाही म्हणणे जड जाते. काही ठिकाणी तर विश्वस्त आणि पतसंस्थेचा संचालक ही एकच व्यक्ती असते. यातून सुटण्याचा मार्ग एकच: लेखी धोरण. विश्वस्त मंडळाच्या ठरावाने एका पानाचे धोरण असावे. पैसा कोणत्या प्रकारच्या ठिकाणी ठेवायचा, एका बँकेत अधिकाधिक किती, कोणाच्या सह्या लागतील, ज्या ठिकाणी विश्वस्ताचा हितसंबंध आहे तेथे गुंतवणूक करायची नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत असावे. मग चहाला आलेल्या स्नेह्याला, 'अण्णा, माझ्या हातात काही नाही, मंडळाचा ठराव आहे,' असे प्रेमाने सांगता येते. नात्याला तडा जात नाही आणि निधीलाही नाही.

गुंतवणुकीचे काम पाहणारा माणूस कसा असावा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्या संस्थांत हे काम बहुधा कोषाध्यक्षाकडे असते आणि कोषाध्यक्ष बहुधा निवृत्त बँक अधिकारी किंवा प्रतिष्ठित व्यापारी असतो. निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे, प्रवासखर्चही न घेता, संस्थेच्या पावत्या स्वतःच्या कपाटात जिवापाड जपणारी माणसे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पण तेथेच धोकाही आहे. कोणत्या पावतीची मुदत कधी संपते, हे केवळ त्या एका गृहस्थाला ठाऊक असते. तो आजारी पडला की संस्था आंधळी होते. म्हणून तिघांची समिती असावी. त्यातला एक तरी चाळिशीच्या आतला असावा आणि एकाला हिशेबशास्त्राचे ज्ञान असावे. समितीने तिमाहीस एकदा बसावे, इतिवृत्त लिहावे आणि घेतलेल्या निर्णयाचे कारणही लिहावे. 'सर्वानुमते मंजूर' एवढे पुरेसे नाही. दहा वर्षांनी ते वाचणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला, अमुक बँकेतून पैसा का काढला आणि अमुक रोखे का घेतले, हे कळले पाहिजे. बाजारात चुका होणारच. पण विचारपूर्वक, लिहून, नियमात राहून झालेली चूक आणि भिडेपोटी, तोंडी, नियमाबाहेर झालेली चूक यांत महदंतर आहे.

स्थावर मालमत्तेविषयी थोडक्यात. गावठाणातील गाळे, संस्थेला मिळालेली शेती, हेही निधीचेच रूप आहे आणि महागाईविरुद्ध ते रोखीपेक्षा अधिक टिकते. पण जुन्या भाड्याने दिलेले गाळे आणि सातबाऱ्यावर नाव असूनही ताबा नसलेली जमीन, हे उत्पन्न नव्हे, ओझे आहे. विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि इतर मालमत्तेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, या सर्वांस कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कुशावर्त घाटाचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना याहून अधिक सांगणे नको.

येत्या वार्षिक सभेसाठी प्रत्येक संस्थेने एक लहानसे काम करावे. ताळेबंदात कायम निधीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखावा. त्यात रुपये लिहू नयेत. वसतिगृह असेल तर त्या निधीच्या व्याजातून किती विद्यार्थी वर्षभर जेवू शकतात, नेत्ररुग्णालय असेल तर किती शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकतात, तो आकडा लिहावा. त्याखाली, मिळाल्यास जुन्या दप्तरातून शोधून, दहा वर्षांपूर्वीचा आणि वीस वर्षांपूर्वीचा आकडाही लिहावा. सभेत कोषाध्यक्षांनी ते तीन आकडे वाचून दाखवावेत आणि त्यानंतर चर्चेला वेळ ठेवावा.